टोपण नसलेली कालवं

या वेळी गुहागरला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही आणि माशांसाठी तर मुळीच नाही. आमच्या घरात मासे कधी शिरलेच नाहीत. ठरलं ते एका ई-मेलमुळे, तेही दीड दिवसात. अशा घाईने ठरलेल्या सहलींचा माझा अनुभव काही बरा नाही.

माझी बायको मेधा पुण्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. येत्या मार्चमध्ये निवृत्त होतेय. सव्वीस वर्षांपूर्वी तिने एक शोधनिबंध लिहिला. नंतर मुलगी, परीक्षांचे गठ्ठे, माझ्या आईचं आजारपण, माझ्या बदल्या, यात दुसरा लिहायचा राहूनच गेला. म्हणून हा एकुलता एक निबंध आमच्या घरात जरा लाडावलेला आहे. गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठी, दरडीच्या पोटात, आजची कालवं वाढतात त्या रेषेपेक्षा बराच वर शिंपल्यांचा जाड थर दिसतो. हा कालवांनी स्वतः बांधलेला जुना कट्टा आहे, म्हणजे एके काळी समुद्राचं पाणी इथवर होतं, असं तिने त्यात मांडलं होतं. ई-मेल त्याच नियतकालिकाकडून आला होता. एका तरुण संशोधिकेने नवा लेख पाठवला होता. तिच्या मते हा कट्टा वगैरे काही नाही, जुन्या काळी माणसांनी कालवं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग आहे. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर द्या, असं संपादकांनी सभ्यपणे विचारलं होतं.

"उकिरडा म्हणतेय ती त्याला," मेधा म्हणाली. त्या दिवशी भाजी करपली.

मी गुहागरच्या ओळखीच्या घरगुती मुक्कामवाल्या तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, यायचं तर लगेच या, त्या दरडीला संरक्षक भिंत घालतायत, परवापासून जेसीबी लागणार. परवा म्हणजे पौर्णिमेनंतरची द्वितीया. हे मेधानेच बोटांवर मोजून सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा कोकणातला हिशोब तिला तोंडपाठ आहे. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. दरडीच्या पायथ्याशी फक्त ओहोटीतच जाता येतं. हातात एकच सकाळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगतो: सातारा रोडने उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. ताम्हिणीपेक्षा मला हा घाट आवडतो. गर्दी कमी, पण ट्रक बरेच आणि वळणांवर बारीक खडी असते, तेव्हा उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा. घाट उतरल्यावर अलोऱ्याला चहा घेतला. चिपळूणला जेवण, दीडशे रुपयांत सोलकढीसह शाकाहारी थाळी. शेजारी बसून मेधा त्या मुलीचा लेख पेन्सिलने खरडत होती, आणि मी रेडिओ लावला की तो बंद करत होती.

वाटेत मला शिकवणीही मिळाली. ती इथे देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कालवाला दोन शिंपा असतात. खालची वाटीसारखी खोल, ती दगडाला सिमेंट लावल्यागत चिकटते. वरची चपटी, टोपणासारखी. कालवाचं पिल्लू पोहत येतं आणि बसायला टणक जागा शोधतं, आणि त्याला सगळ्यात आवडते ती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाची शिंप. म्हणून आजोबांवर बाप, बापावर पोर असे ते एकावर एक वाढत जातात आणि कट्टा तयार होतो. प्रवाळांचा असतो तसाच, फक्त गढूळ पाण्यातला. त्याच्या फटींत खेकडे, किडे, छोटे मासे राहतात, लाटांचा जोर त्यावर मोडतो, मागे गाळ साचतो. पाणी कायमचं हटलं की अख्खी वस्ती जागच्या जागी मरते आणि दगड होऊन राहते. ढिगाऱ्यातल्या शिंपा मात्र कशाही पडलेल्या असतात, उलट्या, सुलट्या, आडव्या.

"मग सोपं आहे की," मी म्हणालो. "उभ्या असतील तर तू बरोबर."

सोपं नव्हतं. दरडीतल्या वरच्या थरात वाट्या होत्या, टोपणं नव्हती. मेधाने तेव्हा लिहिलं होतं की कालव मेल्यावर टोपण सुटतं आणि लाटा ते वाहून नेतात. ती मुलगी म्हणत होती की टोपणं नाहीत, कारण माणसांनी कालवं उघडून खाल्ली. शिवाय तिला त्याच थरात चुलीतल्या कोळशाचे कण मिळाले होते.

चारच्या सुमारास आम्ही थेट खाडीवर गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रस्ता दरडीच्या अगदी कडेने जातो आणि एका ठिकाणी निम्मा खचलेला आहे. तिथे भिंतीच्या कामाचा मुकादम मोजमाप घेत होता. मेधाने त्याला काम दोन दिवस पुढे ढकलता येईल का विचारलं. तो चांगला माणूस होता, पण त्याने मान हलवली. गेल्या पावसात एका बाळंतिणीला खुर्चीत बसवून या खचलेल्या तुकड्यावरून न्यावं लागलं होतं, आता गाव थांबायला तयार नाही. पण बारापर्यंत मशीन लावणार नाही, तेवढी सकाळ तुमची, असं त्याने कबूल केलं. मेधा म्हणाली, भिंत व्हायलाच हवी.

रात्री तात्यांकडे मोदक होते. मेधाने एकाला हात लावला, तोही अर्धा ठेवला. खोलीचे हजार रुपये, दोघांचं जेवण वेगळं. सुपारीच्या बागेतली जागा छान आहे, पण त्या मुक्कामात मला सुपारीचं एकही झाड धड आठवत नाही.

सकाळी सात वाजता खाडीत उतरलो. उतरणाऱ्यांनी जुने कॅनव्हासचे बूट घालावेत, चप्पल अजिबात नको. चिखल घोट्यापर्यंत आणि जिवंत कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. खाली आजची कालवं दगडांना लगडलेली, त्यांच्या वर काळ्या मातीची पट्टी, तिच्यावर गुडघ्यापासून डोक्याच्या हातभर वर जाईपर्यंत पांढरट शिंपल्यांचा थर, आणि सगळ्यात वर जांभ्याची सैल खडी. त्या खडीतून अधूनमधून खडे सुटत होते. एक माझ्या खांद्यावर पडला. मी मेधाला म्हटलं, लांबून बघ. तिने ऐकलं नाही, ती ऐकेल असं मलाही वाटलं नव्हतं.

तिने ब्रशने थराचा खालचा भाग साफ केला आणि तिचा चेहरा बघता बघता बदलला. कालवं उभी होती, एकमेकांना चिकटलेली, आणि बहुतेकांना टोपणं होती, घट्ट मिटलेली. फटींत किड्यांनी केलेल्या बारीक नळ्या, एका ठिकाणी खेकड्याची नांगी. "हा ढीग असूच शकत नाही," ती म्हणाली. "न उघडता कालव कोण फेकेल?" मी धडाधड फोटो काढत होतो. तिचा फोन तिने चिखलाच्या भीतीने गाडीत ठेवला होता, त्यामुळे फोटोंचं काम माझ्याकडे होतं.

मग ती एका दगडावर चढून वरच्या थराकडे वळली. तिथेही वाट्या उभ्याच होत्या, पण एकालाही टोपण नव्हतं.

तेवढ्यात बादली घेऊन एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात. वासंतीकाकी, त्याच गावच्या, ओहोटीला कालवं काढायला रोज येणाऱ्या. कमरेला पदर खोचून त्या खालच्या दगडांवर बसल्या. हातात वीतभर लोखंडी हत्यार, पुढे चोच असलेलं. टक्कन एक घाव, टोपण उडालं, चोचीनेच आतला ऐवज काढून बादलीत, आणि पुढचं कालव. मेधा दगडावरून त्यांच्याकडे बघायला लागली. सव्वीस वर्षं कालवांवर शिकवणाऱ्या माझ्या बायकोने कालव काढताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्यासारख्या घरांत ते पाहायचा प्रसंगच येत नाही, आणि तिच्या पुस्तकांत ते नव्हतं.

"काकी, खालची वाटी का ठेवता?" तिने विचारलं.

"ती कशाला काढू? तिच्यावरच तर नवीन पिल्लं बसतात. माझ्या सासूनं पयल्या दिवशी हेच सांगितलंन. वाटी काढलीस तर फुडल्या वर्षाला दगड चाटशील."

मेधाने त्यांना वर यायची विनंती केली. वासंतीकाकी तिचा हात धरून दगडावर चढल्या आणि दरडीतल्या वाट्यांवरून बोट फिरवत गेल्या. एकीच्या काठावर थांबल्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. तिथे टवका उडालेला होता.

"बाय, ही आपसूक उघडलेली नायत," त्या म्हणाल्या. "हितं घाव हाय बगा. ही कुणीतरी काढलेली हायत."

"म्हणजे खाऊन इथे टाकली?"

"टाकली असती तर उलटीपालटी पडली असती. ही जिथं वाढली तिथंच हायत. वाट्या ठेवल्यान आणि मास नेलंन."

मेधाने विचारलं, घाव कुठून मारता. पाण्याच्या बाजूने, त्या म्हणाल्या, दगडाच्या पाठीमागे कशाला जाईन. मग मेधाने एकेक वाटी पाहिली. मी मोजलं नाही, पण ती मोजत होती, ओठ हलत होते. टवके सगळे खाडीच्या बाजूला होते. लाटांना असली शिस्त नसते.

वासंतीकाकी आपल्या कामाला परत गेल्या. मेधा दगडावरच उभी राहिली. खालचा थर तिच्या बाजूने बोलत होता, वरचा तिच्या विरुद्ध. कट्टा नैसर्गिक होता हे खरं, पण टोपणं लाटांनी नेली हे तिने ठामपणे लिहिलेलं, वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेलं, ते चूक होतं. आणि ती मुलगी निम्मी बरोबर होती.

इथे मी तोंड उघडलं. मी म्हणालो, खालच्या थराचं लिही ना, तोच तुझा मुद्दा आहे. बाराला मशीन लागेल, उद्या वरचा थर सिमेंटमागे जाईल, कोण येतंय बघायला? मार्चमध्ये तू निवृत्त होणार. हे सगळं मी तिच्या भल्यासाठीच म्हणालो, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

"आणि मी जे बघितलं ते कुठे जाईल?" ती म्हणाली. मग मोजपट्टी दरडीला लावून मला सांगितलं, वरच्या थराचे जवळून काढ, टवके आणि पट्टी दोन्ही दिसायला हवं.

मी फोन वर धरला. ती पट्टी धरून दुसरीकडे बघत होती. मी फोन हातभर खाली केला आणि बटण दाबलं. पट्टीचं खालचं टोक आणि टोपणवाली कालवं आली, वरच्या वाट्या आल्या नाहीत. असे दहा-बारा काढले. नीट आले का, तिने विचारलं. हो, म्हणालो. आणि फोन खिशात टाकला.

नऊ वाजता वर इंजिनाचा आवाज आला. जेसीबी तीन तास आधीच आला होता. मुकादम वरून ओरडून सांगत होता की डंपर दुपारी दुसरीकडे जाणार, म्हणून आत्ताच सुरू करावं लागतंय, तुम्ही बाहेर या. मशीनच्या हादऱ्याने खडी सळसळत खाली यायला लागली. पाणीही वळलं होतं. वासंतीकाकी बादली उचलून निघाल्या आणि जाताना म्हणाल्या की अर्ध्या तासात इथे गुडघाभर होईल, चला. मी मेधाचा दंड धरला. ती हातोडी-छिन्नीने वरच्या थरातला तुकडा सोडवत होती.

मी म्हटलं, खालचा घे आणि चल. खालचा आहे माझ्याकडे, ती म्हणाली, मला हा हवाय. म्हणजे तिला चूक ठरवणारा तुकडा काढण्यासाठी ती सुटणाऱ्या दरडीखाली उभी होती. तेवढ्यात वरून टोपलीभर खडी कोसळली, अगदी तिच्या पायाशी, आणि छिन्नी चिखलात गेली. मी तिला अक्षरशः ओढत बाजूला आणलं.

मग आम्ही वळसा घालून वर गेलो. मेधाने मुकादमाला काय हवंय ते सांगितलं. तो कपाळाला हात लावून ऑपरेटरकडे गेला. ऑपरेटर विजापूरकडचा होता, मराठी मोडकं, पण काम ऐकून घेतलं. त्याने बकेट उलटी करून तिचे दात थराच्या वरच्या कडेला टेकवले, इंजिन मंद केलं आणि इंचाइंचाने दाबत गेला. मेधा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. दोन फुटांचा एक खडक सुटला, बकेटीच्या काठावर अडकला आणि वर येता येता मधोमध तुटला. अर्धा खाली पाण्यात गेला. अर्धा बकेटीत राहिला. त्यावर सात वाट्या होत्या, सातांना टवके. मेधाने ऑपरेटरला वाकून नमस्कार केला. तो गोंधळला आणि त्यानेही केला.

दुपारी तात्यांकडे जेवून आम्ही गुहागरच्या किनाऱ्यावर अर्धा तास बसलो. किनारा लांबलचक आहे, सुरूची झाडं आहेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर माणसं कमी. मी तिला फोटोंचं सांगायचं ठरवलं होतं. भेळवाला आला, तो गेला, मी सांगितलं नाही.

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने. खडक गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला होता. घाटात ट्रकच्या मागे पाऊण तास रांगलो. मेधाला बरं वाटत होतं. चूक सापडल्यावर माणसाला बरं वाटू शकतं हे मी तिच्याकडे बघून शिकत होतो, आणि ते मला जास्तच टोचत होतं. ती म्हणाली, समुद्र इथवर होता तेव्हा माणसं इथे होती, आणि त्यांना वाटी ठेवायची अक्कल होती, केवढी मोठी गोष्ट आहे ही. मग म्हणाली, खडक नुसता असून उपयोग नाही, तो दरडीत कुठे होता हे दाखवणारे फोटो आहेत म्हणून त्याला किंमत. मी वळणावर लक्ष दिलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोटो कॉम्प्युटरवर घेतले. मी स्वयंपाकघरात चहा करत राहिलो, एक झाला तरी दुसरा टाकला. बराच वेळ माउसचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी बाहेर आलो तर ती पडद्यावर तेच दहा-बारा फोटो एकाशेजारी एक लावून बसली होती. सगळ्यांत पट्टीचं तेच खालचं टोक होतं.

"हात हलला का?" तिने विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. नाही म्हणालो. मुद्दाम, म्हणालो. तिने चहा घेतला आणि दार लावून लिहायला बसली. ती दोन दिवस माझ्याशी फक्त दूध, किल्ली आणि गॅसबद्दल बोलली. तात्यांचा फोन आला होता, भिंत कमरेपर्यंत आली होती.

तिसऱ्या दिवशी तिने उत्तर संपादकांना आणि त्या मुलीला एकदमच पाठवलं. पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. पहिलंच वाक्य, माझ्या निबंधातला वरच्या थराचा निष्कर्ष चुकीचा होता. मग खालचा थर, वरचा थर, घाव, त्यांची दिशा, आणि ही पद्धत ज्यांनी दाखवली त्या वासंतीकाकींचं पूर्ण नाव आणि गाव. त्यानंतर हे होतं: "या थराचे जागेवरचे फोटो आमच्याकडे नाहीत, कारण माझ्या पतीने ते जाणूनबुजून काढले नाहीत."

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. मेधाने स्पीकरवर ठेवला. त्या मुलीकडे मागच्या वर्षीचे फोटो होते, वरच्या थराचे, पट्टीसकट. टवके त्यात स्पष्ट दिसत होते, फक्त ते कशाचे हे तिला कळलं नव्हतं. तिनेही कधी कालव काढताना बघितलं नव्हतं, असं ती हसत म्हणाली. दोघी मिळून लिहायचं ठरलं. पाऊण तास त्या बोलत होत्या, आणि मेधाचा असा आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

फोन ठेवल्यावर मी हळूच विषय काढला. आता फोटो मिळालेच आहेत, तर ते माझ्याबद्दलचं वाक्य काढून टाकशील ना, त्याची काही गरज उरली नाही.

"का?" ती म्हणाली. "खोटं आहे का ते?"

वाक्य तसंच छापून येणार आहे.